डोस कधी द्यायचा, हे आधी पाहा

प्रिय डॉक्टर,

दुर्बिणीने मूतखडा काढल्यावर अँटिबायोटिक किती दिवस चालू ठेवावे, असे तू विचारले आहेस. पण रुग्णाचे संरक्षण बहुतांशी टेबलावर घेण्यापूर्वीच ठरते. जंतू रक्तात शिरण्याची शक्यता असते त्या क्षणी औषध तेथे हजर हवे, म्हणून सेफाझोलिनसारखे इंजेक्शन शस्त्रक्रियेआधीच्या 60 मिनिटांत शिरेतून देतात आणि शस्त्रक्रिया 4 तासांपलीकडे लांबली तर पुन्हा देतात. गुंतागुंत नसलेल्या युरेटेरोस्कोपीला (मूत्रमार्गातून मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून केलेल्या शस्त्रक्रियेला) एवढा एकच डोस बहुधा पुरतो.

हा डोस म्हणजे आधीपासून असलेल्या संसर्गाचा उपचार नव्हे, हे मात्र विसरू नकोस. प्रोस्टेटची टीयूआरपी (वाढलेला प्रोस्टेट मूत्रमार्गातून दुर्बिणीने कापून काढणे) किंवा पीसीएनएल (पाठीतून छिद्र करून मूत्रपिंडातला खडा काढणे) करण्यापूर्वी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाहा, आणि त्यात जंतू वाढले असतील तर रुग्णाला काहीही त्रास नसला तरी अहवालानुसार योग्य औषध सुरू करूनच त्याला शस्त्रक्रियेला घे. कॅथेटर असलेल्या रुग्णाचा नमुना युरोबॅगमधून कधीही घेऊ नये, कारण तिथे साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात; जुना कॅथेटर बदलून नव्यातून नमुना घ्यावा. उलट, विशेष जोखीम नसलेल्या रुग्णाची नुसती तपासणीची सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे) असेल, तर अँटिबायोटिक देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कल्चर निर्जंतुक आले तरी निर्धास्त राहू नकोस. खडा मूत्रवाहिनीत घट्ट अडकला असेल, तर त्याच्यावर तुंबलेली लघवी तपासणीच्या बाटलीत आलेलीच नसते. पीसीएनएलमध्ये सुई मूत्रपिंडात गेल्यावर पू आला, तर तिथेच थांब: नेफ्रोस्टॉमीची नळी (मूत्रपिंडातली लघवी थेट बाहेर काढणारी) ठेव, तो पू कल्चरला पाठव आणि खडा पुढच्या वेळेसाठी राहू दे. बाहेर नातेवाईक ताटकळत असतात, भूलतज्ज्ञही तयार असतात, त्यामुळे हा निर्णय जड जातो. पण शस्त्रक्रियेत दाबाखाली सोडलेल्या पाण्याबरोबर तो संसर्ग रक्तात गेला, तर कितीही भारी अँटिबायोटिक वेळेत उपयोगी पडेल याची खात्री नसते.

आता दिवसांविषयी. डिस्चार्ज कार्डावर सवयीने पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्याने संसर्ग टळतोच असे नाही, प्रतिरोधक जंतूंना मात्र वाव मिळतो. त्या जागी मराठीत ठळक लिही: थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

तुझा शुभचिंतक