पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आपलं संशोधन सामान्य माणसाला सांगायला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की विभागातल्या १२ पीएचडी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची विज्ञानसंवाद कार्यशाळा घ्यायची आहे, तर कोणते वक्ते बोलवावेत. वक्ते एक-दोनच बोलवा, श्रोते मात्र नक्की बोलवा. विद्यार्थ्याने बोलायचं, ऐकणाऱ्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि लगेच दुरुस्त करून पुन्हा बोलायचं. अशा जितक्या फेऱ्या होतील तितकं तो शिकेल.

सहा-सहाचे दोन गट करा. ३ मिनिटं बोलणं, २ मिनिटं श्रोत्याचं परत सांगणं, ५ मिनिटं दुरुस्ती, म्हणजे गटाची एक फेरी तासाभरात होते. दोन दिवसांत अशा चार फेऱ्या आरामात बसतात. प्रत्येक गटाला दोन श्रोते द्या आणि दुसऱ्या फेरीला ते आपसात बदला, कारण एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा निम्मं आठवणीतून समजतो. दुसऱ्या दिवशी नवे चौघे आणा. ग्रंथालयातले कर्मचारी, कॉमर्सचे विद्यार्थी, शाळेतल्या मराठीच्या बाई, कुणीही चालेल. शेजारच्या प्रयोगशाळेतला मित्र मात्र नको. तो न कळलेल्या शब्दावरही मान डोलावतो.

सुरुवात टेबलावर बोटांनी गाणं वाजवून करा. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये हा प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते आणि समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही, हे ऐकून पटत नाही. स्वतः वाजवून फसलं की दहा मिनिटांत पटतं.

बोलण्यासाठी क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेला साचा घ्या: ३ मिनिटं आणि एकच स्थिर स्लाइड. मराठीत स्वस्थपणे बोललं तर एवढ्या वेळात ३०० ते ३३० शब्द होतात. मुलं ५०० लिहून आणतात आणि वेग वाढवून बसवतात. वेग वाढवू देऊ नका, मजकूर कापायला लावा. आधी कापायची ती पद्धत, कारण शोधनिबंधात तिला मोठी जागा असते, पण श्रोत्याला प्रश्न काय आणि सापडलं काय हे हवं असतं. तेच पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवं.

श्रोता परत सांगत असताना बोलणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, हा नियम कडक ठेवा. फळ्यावर तीन रकाने करा: काय पोचलं, काय गळलं, काय उलटं पोचलं. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. अँटिबायोटिक रेझिस्टन्सचं उदाहरण घ्या. 'औषधाला प्रतिकार' एवढंच म्हटलं तर बरेच जण 'शरीराला औषधाची सवय होते' असं समजतात. औषधाला दाद देत नाहीत ते जिवाणू, शरीर नव्हे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १२ देशांत केलेल्या पाहणीतही ७६ टक्के लोकांनी शरीरच प्रतिकारक्षम होतं असं मानलं होतं. उपाय साधा आहे: वाक्याचा कर्ता जिवाणू ठेवा. 'जिवाणू या औषधातून वाचायला शिकलेत' यात 'शिकलेत' हा शब्द थोडा सैल आहे, म्हणून पुढच्याच वाक्यात सांगा की जे वाचले त्यांचीच पिल्लावळ वाढली.

मराठीत बोलताना आणखी एक अडचण हमखास येते. विद्यार्थी मनात इंग्रजी वाक्य जुळवतो आणि 'असे आढळून आलेले आहे' असं काहीतरी बाहेर पडतं. कुणाला आढळलं? 'आम्ही मोजलं तेव्हा दिसलं' म्हणा. यासाठी आधी लिहायला लावू नका. घरच्यांना व्हॉइस मेसेज पाठवायचा आहे असं समजून दोन मिनिटं रेकॉर्ड करायला सांगा, मग तेच उतरवून काढून नीट करा. शब्दांच्या बाबतीत मी सोवळं पाळत नाही: व्हायरस, सेन्सर, प्रोटीन चालतात. फक्त 'प्रोटीन' म्हटलं की लोकांना डाळ आणि अंडी आठवतात, पेशीत काम करणारा रेणू नाही, हे आधीच सांगावं लागतं. तीन मिनिटांत नवे शब्द दोनच.

आकड्यांवर अर्धा तास द्याच. 'धोका दुप्पट' हे १० हजारांत १ वरून २ झाल्यावरही खरंच असतं, म्हणून मूळ आकडा सोबत हवाच. मापं ओळखीच्या वस्तूंवर आणा: पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एक अँटेना ४५ मीटर व्यासाची आहे, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीच्या उंचीएवढी रुंद. अनिश्चितता लपवू नये, पण प्रत्येक वाक्यात 'कदाचित'ही नको. काय पक्कं आहे आणि काय अजून तपासायचं आहे, एवढं एकदाच स्वच्छ सांगा.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न येणारच. मूलभूत संशोधनाला ओढूनताणून कॅन्सरचं औषध जोडू नये. कुतूहल हेही प्रामाणिक उत्तर आहे, फक्त ते लाजत देऊ नका.

पहिल्या आणि चौथ्या फेरीत श्रोत्यांनी परत सांगितलेली वाक्यं जपून ठेवा, सुधारणा तिथेच मोजता येते, टाळ्यांवरून नाही. आणि महिन्याभरात खरी गर्दी समोर आणा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटीवर प्रदर्शन भरतं, तिथे आसपासच्या गावांतली शाळकरी मुलं आणि शेतकरी येतात. लिहिण्याची आवड असणाऱ्याने मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेसाठी लेख करावा. मजकूर आणि आकडे गाइडच्या नजरेखालून आधी घाला, विशेषतः निबंध अजून छापून आलेला नसेल तर.