वॉटर पंप गळायच्या आधी सांगतो

भावा, गाडीचा वॉटर पंप किती किलोमीटर चालेल हे विचारतोस, पण तो इंजिनात फिरवतो तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कधी बदललास ते आधी सांग. पंपात मरतं ते बहुतेक वेळा सील (गळती रोखणारा भाग) नाहीतर बेअरिंग. कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपली की गंजाचे कण सील घासून काढतात. मग पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतो. सुकला की हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका डाग राहतो. टॉर्च मारून तो डाग बघ. माझ्या गाडीत मी तो दोन महिने 'धूळ असेल' म्हणून सोडला आणि चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला.

नळाचं पाणी ओतू नकोस, त्यातल्या क्षारांचा थर बसतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग जुळला म्हणून दुसरा कूलंट मिसळू नकोस, रंगावर प्रकार ठरत नाही. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघ. कूलंटचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, हे वेगळं सांगायला नको.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) फिरत असेल, तर बेल्ट बदलतानाच पंपही बदल. उघडण्याची मजुरी दोनदा कशाला?