मशीन, होडी, ट्रेलर : तिघांची राखण वेगळी

प्रश्न : आमची १६ फुटी फायबरची होडी आहे, तिला ९.९ हॉर्सपॉवरचं पेट्रोल मशीन. माझे मालक आणि दीर ऐरोलीच्या दिवा जेट्टीवरून खाडीत जातात. कधी रेवदंड्याकडे जायचं असलं तर होडी ट्रेलरवर घालून जीपने नेतात. ट्रेलर रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलाय. पावसाळ्यात सगळं गावठाणातल्या मोकळ्या जागेत उभं असतं. गेल्या महिन्यात शेजारच्या होडीचं मशीन रात्रीत गेलं. ट्रेलरला साखळी-कुलूप लावलं तर पुरेल का?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, साखळी लावाच, पण ती ट्रेलर राखेल, मशीन नाही. आणि शेजारी गेलं ते मशीनच. वाशीच्या खाडीकाठी मी आयुष्यभर मशीनं खोलली आणि बसवली. चोरीनंतर माणूस माझ्याकडे येतो तो दुसरं मशीन कितीला पडेल हे विचारायला. पहिलं मशीन बायकोचे दागिने गहाण टाकून घेतलेलं असतं, त्याचे हप्ते अजून चालू असतात आणि हंगाम तोंडावर आलेला असतो. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

होडी, मशीन आणि ट्रेलर यांचे चोर वेगळे आणि वाटाही वेगळ्या. मशीनचा चोर चालत येतो. तुमच्या मशीनचं वजन साधारण ४० किलो, म्हणजे दोन माणसं ते टेम्पोपर्यंत आरामात नेतात. ते मागच्या फळीला दोन हाती स्क्रूंनी आवळलेलं असतं. ते सैल करायला पानासुद्धा लागत नाही, काम दोन मिनिटांचं. म्हणून माझा पहिला सल्ला : मोकळ्या जागेत होडी उभी राहणार असेल तर मशीन उतरवून घरी न्या. पावसाळ्यात तर नक्कीच. आधी गोड्या पाण्यावर चालवून धुऊन घ्या, पेट्रोल काढा, आणि स्टँडवर उभं ठेवा. फोर-स्ट्रोक मशीन आडवं ठेवायची वेळ आली तर पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. पेट्रोलची टाकी मात्र घरात, गॅसच्या शेगडीजवळ नको.

हंगामात रोज उतरवणं जमत नाही, हे मला माहीत आहे. मग त्या दोन हाती स्क्रूंवर सरकून बसणारं मशीनचं कुलूप घ्या. लोखंडी किंवा स्टीलची खाच असलेली नळी असते ती, दोन्ही मुठी एकत्र झाकते, मग स्क्रू फिरत नाही. शिवाय ब्रॅकेटला, म्हणजे मशीन फळीला धरणाऱ्या पकडीला, बोल्टची भोकं असतील तर फळीतून आरपार स्टीलचे बोल्ट घाला आणि आतल्या बाजूने डबल नट आवळा. कुलूप तोडलं तरी चोराला होडीत उतरून नट खोलत बसावं लागेल. त्याचा वेळ वाढवणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि तेच उपयोगी पडतं.

आता ट्रेलर. तो उभा असतो तेव्हा त्याच्या तोंडाची वाटी रिकामी असते. कुणीही जीप मागे घेऊन तिच्या मागचा जोडणीचा गोळा, म्हणजे बॉल, त्यात बसवला की होडीसकट निघाला. या वाटीला कपलर म्हणतात. ती आतून भरून टाकणारं कपलरचं कुलूप मिळतं, ते घ्या. एक चाकही क्लॅम्पने बांधा, कारण वाटी बंद असली तरी साखळी अडकवून ओढता येतं. तुमची साखळी पुढच्या दांड्याला नको. घडवलेल्या ट्रेलरचा दांडा बहुतेक वेळा बोल्टने जोडलेला असतो, बोल्ट काढले की साखळी दांड्यासकट तिथेच राहते आणि ट्रेलर जातो. साखळी चाकातून आणि मधल्या चौकटीतून घ्या, आणि दांड्याचे नट वेल्डिंगचा एक टिपका मारून पक्के करा.

साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून चोर दुसऱ्यावर सगळं अंग टाकतो, तेव्हा बारीक साखळी तुटते. ताणून, वर, चौकटीला चिकटून बांधली तर त्याला जोर लावायला जागा मिळत नाही. कडी जाड आणि कडक पोलादाची हवी. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी मऊ लोखंडाची साखळी गुरांसाठी ठीक. बॅटरीवरचा ग्राइंडर कुठलीही साखळी कापतो हे खरं आहे. पण ग्राइंडर ओरडतो आणि ठिणग्या उडवतो. म्हणून ट्रेलर वस्तीकडे, दिव्याखाली, तोंड भिंतीला लावून उभा करा. बांधायला खांब रोवायचा असेल तर कांदळवनाच्या बाजूला सिमेंट ओतू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने तिथे तोडफोडीला बंदी आहे, आणि तीच झाडं आपली चिंबोरी आणि जिताडा पोसतात.

चाकं काढून विटांवर ठेवावा का, असंही पुष्कळजण विचारतात. जागा उंच असेल तर जरूर ठेवा. चाकं नसलेला ट्रेलर कोण ओढणार? पण जुलैच्या उधाणात पाऊस कोसळला की सखल जागेत पाणी शिरतं आणि होडी विटांवरून उचलली जाते. तुमची जागा तशी असेल तर चाकं राहू द्या आणि होडीच्या तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

होडी पाण्यात बांधलेली असते तेव्हा चोर भरतीने येतो. ओहोटीला आपल्या खाडीत चिखलच चिखल, होडी हलतच नाही. वडीलधाऱ्यांचा हिशेब तुमच्या घरात असेलच : तिथीच्या पाऊणपट ती भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, आणि खाडीच्या आत शिरावं तशी थोडी उशिरा. म्हणजे अमावास्येला ऐन अंधारात, मध्यरात्रीच्या सुमारास, पाणी काठोकाठ असतं. जेट्टीवर आळीपाळीने राखण करायची ती या रात्रींना करा. महिनाभर रोज जागून कुणी टिकत नाही.

आणि आजच संध्याकाळी एक काम करा. मशीनच्या ब्रॅकेटवर नंबरची पट्टी असते, तिचा फोटो काढा. चोर पट्टी उचकटतो, पण अनेक कंपन्या इंजिनच्या ब्लॉकवरच्या गोल बुचावरही नंबर कोरतात, तोही झाकण काढून टिपून ठेवा. होडीच्या आत, बाकाखाली, फायबरच्या नव्या थराखाली नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी पुरून टाका. अमेरिकेत १९८४ पासून बोटीचा क्रमांक एका लपवलेल्या जागी दुसऱ्यांदा लावणं बंधनकारक आहे, त्यामागे हाच विचार. नंबरात किती ताकद असते ते आपण मुंबईतच पाहिलं : २६/११ चे हल्लेखोर ज्या रबरी होडीतून उतरले, तिच्या यामाहा मशीनचा माग कंपनीच्या नोंदींवरून पाकिस्तानातल्या खरेदीपर्यंत लागला. तुमचं मशीन कुठल्या गॅरेजात सापडलं तरी नंबर नसेल तर ते तुमचं आहे हे तुम्ही सांगणार कशावरून?

चोरी झालीच तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३. हद्द आमची नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात नोंद होते आणि प्रत फुकट मिळते. होडीच गेली असेल तर सागरी पोलिसांच्या १०९३ वर आणि मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्यालाही लगेच कळवा. आपल्या क्रमांकाची होडी भलत्याच्या हातात फिरणं किती धोक्याचं, हे २६/११ च्या हल्लेखोरांनी पळवलेल्या ‘कुबेर’ ट्रॉलरनंतर किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको.

प्रश्न : कोलशेतला एकजण वापरलेलं १५ हॉर्सपॉवरचं मशीन बाजारभावाच्या निम्म्याने देतोय. बिल नाही म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको, दादा. ब्रॅकेटवरची पट्टी आहे का बघा. तिच्या जागी नुसती दोन भोकं किंवा घासलेला रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हाही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. आणि निम्मा भाव, बिल नाही, हे कारणच झालं. कायदा बाजूला ठेवला तरी ते मशीन कुठल्यातरी कोळीवाड्यातल्या घराचं आहे, आणि असं गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच ते चोरलं जातं. जुनं मशीन घ्यायचंच असेल तर मूळ बिल, देणाऱ्याचं ओळखपत्र आणि नंबर लिहिलेली सहीची पावती, तिन्ही घ्या.

प्रश्न : किल्ल्यांना लावायचा ब्लूटूथ टॅग होडीत लपवला तर चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : तो टॅग जवळून जाणाऱ्या मोबाइलच्या आधाराने आपली जागा कळवतो. सारसोळे जेट्टीवर माणसं असतात तिथे चालेल, कांदळवनात आत नेलेली होडी त्याला सापडणार नाही. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर घ्या, खाडीत मोबाइलची रेंज बऱ्यापैकी मिळते. तो मशीनच्या झाकणाखाली बसवू नका, चोर पहिलं तेच उघडतो. बाकाच्या पोकळीत, पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवा. दर पंधरवड्याला चार्ज करा आणि सिमचं रिचार्ज संपू देऊ नका.