रोजच्या वापरासाठी भरवशाची प्रायव्हसी टूल्स कशी निवडावीत? मोफत व्हीपीएन चालेल का?

नाही चालणार. आता सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नातला 'मोफत' हा शब्द वाचूनच माझं डोकं फिरलं. त्यात तुमचा काही दोष नाही. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट आधी एका कंपनीच्या सर्व्हरमधून, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधून, नेऊन मग बाहेर सोडणारं ॲप. समोरच्या साइटला आपण त्या सर्व्हरच्या गावाहून आल्यासारखे दिसतो.

मी इचलकरंजीत घरून हिशेबाचं काम करते. यंत्रमागवाले, दोन-तीन सूत व्यापारी, एक मेडिकल दुकान. जीएसटी, टीडीएस, वर्षअखेरीला ताळेबंद. सही सीएची, राबणं माझं. माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांब वही आहे, खतावणीसारखी. तिच्यात सगळ्यांचे युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेले असतात. पोर्टलचे, ईमेलचे, आणि हो, काही जणांच्या नेटबँकिंगचेसुद्धा. लगेच ओरडू नका, त्यावर शेवटी बोलते.

माझे धाकटे दीर हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. कोरोनात ऑफिस बंद, तेव्हा ते आमच्याकडे माडीवर बसून काम करायचे. येता-जाता वहीकडे बघून हसायचे. "वहिनी, अजून वहीतच?" पुढे घरात माझं नावच पडलं, वहीवाल्या वहिनी. नणंदेच्या सासरपर्यंत पोचलं ते.

२०२१च्या दिवाळीत फराळ झाल्यावर भाऊजी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि एक मोफत व्हीपीएन टाकून दिला. "आता तुम्ही कुठे काय करता ते कुणाला दिसणार नाही. मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन आहे." नाव सांगत नाही त्याचं. एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराला कुलूप, किल्ली नसेल त्याला वाचता येत नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसायला लागला. कॉम्प्युटर सुरू केला की तोही आपोआप सुरू. नोव्हेंबर निभावला, कारण तेव्हा ते ॲप बहुतेक भारतातलाच सर्व्हर धरत होतं.

२० डिसेंबर, सोमवार. हे काम करणाऱ्याला २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको, जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, ३बी, भरायची शेवटची तारीख. एका कारखानदारांचं ३बी भरायचं होतं, रोखीनं भरायचा कर पावणेचार लाख. चलन तयार केलं, त्यांच्या नेटबँकिंगला लॉगिन केलं, आणि पडद्यावर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव खातं तात्पुरतं बंद. पुन्हा केलं, तेच. रात्रीचे नऊ. कारखानदार हुपरीला लग्नात. मी फोन लावणार एवढ्यात त्यांचाच आला, मागे बँडचा आवाज. "मॅडम, बँकेचा मेसेज आला म्हणून मी हेल्पलाइनला फोन केला. नेदरलँडमधनं कोणतरी माझं खातं उघडतंय म्हणतायत!"

नेदरलँडमध्ये मीच होते हो. स्वयंपाकघराच्या दाराशी, टेबलावर, गॅसवर आमटी ठेवून. पण तेव्हा मला तरी कुठे कळलं? मीही त्यांच्याइतकीच घाबरले, आणि घाबरून त्यांना सांगितलं की खातं बंदच राहू द्या, सकाळी शाखेत जाऊ. माझ्या स्वतःच्या खात्यात पावणेचार लाख कुठून असणार?

खातं सुरू व्हायला बुधवार उजाडला. दोन दिवसांचा विलंब. लेट फी दिवसाला ५० प्रमाणे १००, व्याज १८ टक्क्यांनी दोन दिवसांचं ३७०. एकूण ४७० रुपये. ते मी माझ्या खिशातून भरले. कारखानदार एका शब्दानं बोलले नाहीत. मार्च झाल्यावर फायली मागून घेतल्या आणि काम दुसरीकडे दिलं. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक होतं.

हा निम्मा किस्सा झाला. त्याच आठवड्यात आमचा केबलवाला पोरगा बिलाला आला आणि म्हणाला, "काकू, रात्री दोन-तीनला एवढं अपलोड कोण करतंय? कोटा बारा तारखेलाच संपला तुमचा." टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप चालतो म्हणून माझा कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो, पण टॅलीचा बॅकअप कितीसा असणार? मग मी नोटीस वाचते तशा त्या ॲपच्या अटी बसून वाचल्या. मोफत वापराच्या बदल्यात 'तुमच्या वापरात नसलेल्या इंटरनेटचा काही भाग' इतर सदस्यांना देण्यास मी संमती दिली होती. म्हणजे मी नेदरलँडमधून बाहेर पडत होते, तसं कुणीतरी तिसराच माझ्या घरातून बाहेर पडत होता. त्यानं काही उपद्व्याप केला असता तर पोलिस माझ्या दारात आले असते.

हे माझ्याच नशिबी आलं असं समजू नका. २०१५ साली होला नावाच्या मोफत व्हीपीएनचं हेच बाहेर आलं होतं. फुकट्या सदस्यांचं इंटरनेट दुसऱ्या नावाखाली पैसे घेऊन विकलं जात होतं. ओनावो प्रोटेक्ट तर त्याहून पुढचं. नावात प्रोटेक्ट, मालक फेसबुक. लोक कोणती ॲप किती वापरतात ते त्यातून फेसबुकला कळायचं. २०१८मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरमधून ते काढावं लागलं. आणि व्हीपीएनच कशाला, अवास्ट हा अँटिव्हायरस आपल्याकडे किती कॉम्प्युटरांवर होता आठवा. त्यांची जंपशॉट नावाची कंपनी लोक कोणत्या साइटवर गेले याची माहिती विकत होती. २०२०च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर तिला टाळं लावलं, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्यानंच घरातलं विकलं.

म्हणून टूल निवडताना मी दोनच गोष्टी बघते. एक, याचं पोट कशावर भरतं? दोन, माझं काय काय याच्याकडे साठतं? एन्क्रिप्शन किती बिटचं वगैरे मी बघत नाही. 'मिलिटरी ग्रेड' वाचलं की पान बंद करते. साध्या बँकेच्या साइटलाही तसलंच एन्क्रिप्शन असतं, कुलपाचं चिन्ह असतं ना, तेच. त्या कुलपामुळे एसटी स्टँडच्या वायफायवरसुद्धा तुम्ही बँकेच्या साइटवर गेलात एवढं दिसू शकतं, आत काय केलंत ते दिसत नाही. व्हीपीएन लावला की केबलवाल्याला दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. केबलवाला निदान आपल्या गल्लीतला आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण सरकारी कागद आला की चांगल्या कंपनीलाही जे असेल ते द्यावं लागतं. २०१६मध्ये अमेरिकेत सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली, त्यातल्या एकाचंच खातं होतं. त्यांच्याकडे देण्यासारखं दोनच निघालं, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. स्वीडनच्या मुलव्हॅड या व्हीपीएन कंपनीत २०२३च्या एप्रिलमध्ये पोलिस वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं परतले. तिथे नाव नाही, ईमेल नाही, फक्त एक खाते क्रमांक आणि महिन्याला ५ युरो. उलट प्रोटॉन मेल, तीही चांगलीच कंपनी, पण २०२१मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणी क्रमांक, त्यांना नोंदवून द्यावा लागला. मेलमधला मजकूर मात्र त्यांना स्वतःलाच वाचता येत नाही, त्यामुळे तो गेला नाही.

आपल्याकडे तर २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, आदेश निघाला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवावं. त्यावर एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क अशा कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. जी कंपनी तुम्हाला 'भारतात सर्व्हर, शून्य नोंदी' असं दोन्ही एकदम सांगते, तिला आधी विचारा, तो सर्व्हर खरंच कुठे आहे?

मी काय वापरते? फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यावर जाहिराती, ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. क्रोमनं नियम बदलले तेव्हापासून तिथे त्याची लाइट आवृत्ती चालते, ती कमी पडते. बोलायला सिग्नल, पण गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच असतं, मग निदान बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, ते आपणहून चालू नसतं. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीवर विसंबू नका, त्यानं फक्त घरातल्यांपासून लपतं. व्हीपीएन मी ठेवलेला नाही. तुम्ही पत्रकार असाल, किंवा कॉलेजचं वायफाय काही अडवत असेल, तर पैसे मोजून घ्या.

आणि खरं सांगू का, तुमची माहिती गळते ती इंटरनेटच्या तारेतून नाही, झेरॉक्सच्या दुकानातून. लोक आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, 'दोन प्रती काढ' म्हणून, आणि घरी येऊन विचारतात कोणता व्हीपीएन चांगला. त्या फोनमध्ये अख्ख्या पेठेचे आधार पडलेले असतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मास्क केलेलं आधार फुकट मिळतं, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉकही तिथेच होतं. ही टूल्स कुणी विचारत नाही. टॉर्चच्या ॲपला फोनमधले सगळे नंबर कशाला लागतात, हेही विचारत नाही.

आता वहीचं. भाऊजींचं म्हणणं होतं पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे एका मास्टर पासवर्डखाली बाकी सगळे ठेवणारं ॲप, आणि त्या वेळी ते ज्याचं नाव घ्यायचे तो लास्टपास. २०२२मध्ये तिथून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण कोणत्या साइटचे ते उघडं होतं, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना घोर लागला. माझी लाल वही चोरायला चोराला इचलकरंजीत यावं लागेल, कुत्र्याला चुकवावं लागेल आणि माझं अक्षर लागावं लागेल.

पण वही पुरात जाते, हे मान्य करते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आमच्या गल्लीत आली तेव्हा वही वाचली, कारण ती लोणच्याच्या बरण्यांशेजारी माळ्यावर होती. माझ्या हुशारीनं नाही. आणि दुसऱ्याच्या नेटबँकिंगचा पासवर्ड मी ठेवायलाच नको होता. त्या रात्री व्हीपीएन नसता तरी ते चुकीचंच होतं, बँकेच्या नियमातही बसत नाही. आता मी फक्त चलन तयार करून पाठवते, पैसे ज्याचे तोच भरतो. गिऱ्हाइकांच्या पोर्टलचे पासवर्ड कीपास या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, त्याची फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर असते. त्याचा मास्टर पासवर्ड कुठे लिहिलाय ते तुम्ही ओळखलं असेल.

एक राहिलंच. अटी वाचताना मला आणखी एक कलम दिसलं होतं, पाच जणांच्या कॉम्प्युटरवर ॲप टाकणाऱ्याला तीन महिने प्रीमियम मोफत. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही चौथ्या होता." पुढच्या गणपतीला आले तेव्हा त्यांनी ५००ची नोट पुढे केली. मी घेतली, आणि ३० रुपये परत दिले.