नावाचा रकाना शेवटी भर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, थायरॉइडची गोळी चालू, तरी अंग जड, वजन वाढतंय, पोट साफ होत नाही. एका सरांनी तुला गलगंड सांगितलं, दुसऱ्यांनी धात्वग्निमांद्य (धातूंची पचनशक्ती मंदावणं), तिसऱ्यांनी 'अनुक्त व्याधी' (ग्रंथात न सांगितलेला रोग) लिहून मोकळा हो म्हटलं. आणि तू चार पानं भरून मला विचारतोस की मॅडम, याला आयुर्वेदात नेमकं म्हणायचं काय? चार पानांत त्या बाईंना भूक कशी लागते याबद्दल एक ओळ नाही. दुपारी झोपतात का, नाही. पाळी कशी आहे, नाही. रुग्ण कुठे आहे रे त्या पत्रात?

रागावले आहे, पण तुझ्यावर कमी. तुला नावापासून सुरुवात करायची सवय लावली गेली आहे. प्रश्नपत्रिकेत व्याधीचं नाव आधी येतं, मग हेतू (कारण), पूर्वरूप (आधीची चाहूल), रूप (लक्षणं), संप्राप्ती (रोग कसा घडत गेला), चिकित्सा. ओपीडीत नेमकं उलटं असतं. तिथे बाई येते, स्टुलावर बसते आणि म्हणते, 'डॉक्टर, सकाळी उठवतच नाही.' तिथून तुला मागे मागे जायचं असतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अठरावा अध्याय काढ. 'विकारनामाकुशलो न जिह्रीयात् कदाचन'. रोगाचं नाव सांगता आलं नाही म्हणून वैद्याने कधीही लाजू नये, कारण सगळ्याच विकारांना नावं ठरलेली नसतात. हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. पण लोक तिथे थांबतात आणि हा श्लोक अज्ञानाची ढाल म्हणून वापरतात. पुढे वाच. एकच कुपित दोष (वात, पित्त किंवा कफ), कारण बदललं आणि जागा बदलली की अनेक रोग निर्माण करतो, असं चरक लगेच सांगतात. आणि म्हणून विकाराची प्रकृती, त्याचं अधिष्ठान आणि त्याचं विशेष समुत्थान जाणून मगच चिकित्सेला हात घालावा. काय बिघडलं, कुठे बिघडलं, कशाने बिघडलं. नाव न सांगण्याची मोकळीक या तिन्हींच्या बदल्यात मिळाली आहे. ही तीन उत्तरं नसतील तर वैद्याने लाजलंच पाहिजे.

आता त्या बाईंकडे येऊ. तू लिहिलेल्या तीन लक्षणांवरून कफ आणि मेद यांच्याकडे माझं बोट जातं, आणि त्यांच्या मुळाशी मंद झालेला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, असणार असंही वाटतं. पण वाटणं म्हणजे निदान नव्हे. 'रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ' (सगळे रोग अग्नी मंद झाल्यावर होतात) हे वाग्भटाचं वचन प्रत्येक विद्यार्थी घोकतो आणि रुग्ण समोर आला की 'भूक लागते का?' एवढं विचारून पुढे जातो. अरे, हा प्रश्नच कुचकामी आहे. आपल्याकडे माणसं घड्याळाकडे बघून जेवतात, आणि वेळेवर जेवणाऱ्या प्रत्येकाला आपल्याला भूक लागते असंच वाटतं. असं विचार: काल रात्री काय जेवलात, किती वाजता? सकाळी पहिला ढेकर आला त्याला त्या जेवणाचा वास होता का? एक जेवण चुकलं तर जीव कासावीस होतो, की बरं वाटतं? माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात जीर्ण, म्हणजे पचलेल्या, आहाराची लक्षणं दिली आहेत: ढेकर शुद्ध, उत्साह, मलमूत्राचे वेग योग्य वेळी, अंगाला हलकेपणा, भूक आणि तहान. यातलं एकेक त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगायला लाव. एका रुग्णावर वीस मिनिटं जातील. जाऊ देत.

आणि जीभ बघ. त्यासाठी रुग्णाला सांगून ठेव की उद्या येताना जीभ घासू नका. लोक स्वच्छ होऊन डॉक्टरकडे येतात आणि आपण त्या घासलेल्या जिभेवर 'निराम', म्हणजे शरीरात आम (न पचलेला चिकट अंश) नाही, असा शेरा मारतो. पांढरा थर कुठून कुठपर्यंत आहे, चिकट आहे का, तोंडाला चव आहे का, हे सकाळी उठल्या उठल्या जे दिसेल ते खरं.

नावाने काय घोटाळा होतो ते आमवाताच्या, म्हणजे आम आणि वातामुळे सांधे सुजण्याच्या रोगाच्या, दोन रुग्णांवरून सांगते. दोघींचा आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, दोघींच्या बोटांची पेरं सुजलेली, दोघींच्या केसपेपरवर आधीच्या कुणीतरी मोठ्या अक्षरात 'आमवात' लिहिलेलं. पहिलीला सकाळी भाकरीचं पीठ मळता येत नव्हतं, ऊन वर येईपर्यंत मुठी वळायच्या नाहीत. तोंडाला चव नाही, पोट फुगलेलं, जीभ जाड थराची, सूज दाबली की जड आणि चिकट. घरच्यांनी प्रेमाने रोज कोमट तिळाचं तेल चोळायला सुरुवात केली होती आणि सूज वाढत चालली होती. वाढणारच. आम असताना वरून स्निग्ध तेल म्हणजे कोंडलेल्या स्रोतसांवर (शरीरातल्या मार्गांवर) आणखी कोंडी. तिला लंघन (अगदी हलकं, मोजकं खाणं), सुंठीचं पाणी, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. दुसरी वाळलेली, झोप तुटलेली, वेदना पहाटे जास्त, भूक कधी फार तर कधी अजिबात नाही, जीभ स्वच्छ, सांधे हलवले की कटकट आवाज. तिला लंघन दिलं असतं तर ती आणखी खंगली असती. तिला तूप, तेल, गरम ताजं जेवण आणि झोप हवी होती. नाव एक, रिपोर्ट एक, आणि उपचारांची दिशा थेट विरुद्ध. नावावरून गुग्गुळाची एकच बाटली दोघींना देणारा वैद्य एकीला तरी इजा करणार.

लंघनाचा विषय निघाला म्हणून सांगते, महाराष्ट्रात रुग्णाला 'लंघन करा' म्हणू नकोस. त्याला ऐकू येतं 'उपवास', आणि आपला उपवास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळी, वर दाण्याचा लाडू. तेही आषाढात, जेव्हा अग्नी आधीच वर्षभरातला सगळ्यात मंद आणि वाताचा प्रकोप ठरलेला. त्यापेक्षा स्पष्ट सांग: दोन दिवस मुगाचं कढण, तांदळाची पेज, कडकडून भूक लागल्याशिवाय काहीही नाही. एवढं सांगितलं की बायका ते अगदी काटेकोर पाळतात.

तू म्हणशील, मग ग्रंथांतल्या एवढ्या व्याधींच्या नावांचं करायचं काय? फेकून द्यायची? नाही. पण नाव कधी येतं ते समजून घे. आमवाताचं स्वतंत्र निदान आपल्याला माधवनिदान लिहिणाऱ्या माधवकरांकडे मिळतं. त्यांच्या आधी बोटं आखडलेल्या बायका नव्हत्या का? होत्याच. चरक-सुश्रुतांच्या परंपरेतले वैद्य त्यांच्यावर दोष, दूष्य (दोषाने बिघडणारे धातू), अधिष्ठान (जागा) बघून उपचार करत असणार. आणि ज्या माधवनिदानाला आपण नावांचा कोश समजतो, त्याची सुरुवात पंचनिदानाने आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय (कशाने बरं वाटतं), संप्राप्ती, हे आधी. ज्वर, अतिसार वगैरे नंतर. माधवकरांनाही क्रम कळत होता.

सुश्रुताचे सहा क्रियाकाल, म्हणजे रोग वाढत जाण्याचे टप्पे, आठव. संचय (दोष साठणं), प्रकोप (खवळणं), प्रसर (पसरणं), स्थानसंश्रय (एका जागी ठाण मांडणं), व्यक्ती (रोग उघड दिसणं), भेद (गुंतागुंत). रोगाला नाव पाचव्या टप्प्यावर मिळतं, व्यक्तीमध्ये. त्याआधीचे चार टप्पे बिननावाचे आहेत, आणि संचयातच दोष काढून टाकले तर ते पुढच्या गतीला जात नाहीत, असं सुश्रुत स्पष्ट सांगतो. जो वैद्य नावाची वाट बघतो तो चार टप्पे हातावर हात ठेवून बसतो. पोट जड वाटतं, कशात मन लागत नाही, अंग मोडून येतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, असा माणूस तुझ्यासमोर येईल. 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं त्याला सांगून घरी पाठवलंस तर तू आयुर्वेद शिकलाच नाहीस. त्याला काहीतरी झालेलं आहे. काय, कुठे आणि कशाने, ते शोध.

'कशाने' हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझा जीव त्यातच अडकलेला आहे. असात्म्येंद्रियार्थसंयोग (इंद्रियांचा अयोग्य वापर), प्रज्ञापराध (कळूनही चुकीचं वागणं), परिणाम (काळाचा प्रभाव), ही तीन कारणं लिहून दहा गुण मिळतात. त्यातला एक तरी शब्द केसपेपरवर येतो का? रात्रपाळी करणारा मुलगा पहाटे घरी येऊन भरपेट जेवतो आणि दुपारपर्यंत झोपतो. रात्रीचं जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध. तो एकाच दिवसात वात आणि कफ दोन्ही बिघडवतोय, आणि आपण त्याला अविपत्तिकर चूर्ण देऊन ॲसिडिटीचा रुग्ण करून ठेवतो. कारण चालू आहे तोवर औषध म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. आधी त्याला न जेवता झोपायला सांग, उठल्यावर जेवायला सांग. नोकरी सोडा म्हणू नकोस, ती त्याला सोडता येत नसते. निदानपरिवर्जन म्हणजे रुग्णाला जमेल तेवढं कारण काढणं, आणि किती जमेल हे त्याच्या घरात काय चालतं ते माहीत असल्याशिवाय कळत नाही.

माझे गुरुजी हे प्रश्न फार सुंदर विचारायचे. आमच्या आधीच्या आणि आमच्या पिढीने त्यांचे योग (औषधांची मिश्रणं) वह्यांत उतरवून घेतले, कुठल्या भस्माबरोबर काय अनुपान (औषधासोबत घ्यायचा पदार्थ) द्यायचं ते सगळं जपलं. त्यांचे प्रश्न कुणी लिहून ठेवले नाहीत. त्याची हळहळ मला अजून वाटते, आणि तुझ्या पत्रातली ती नावांची साडेतीन पानं वाचून जास्तच वाटली. योग कुठल्याही ग्रंथात सापडतात.

आता तुझी अडचण मान्य करते. रुग्णालयाच्या फॉर्मवर नाव लागतं, विम्याला लागतं, शोधनिबंधाला लागतं. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर आपल्या व्याधींचे कोड आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या रोगांच्या जागतिक वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांचा विभाग आणला. चांगली गोष्ट आहे. आपली नोंद जगाच्या खात्यात जाईल, मोजणी होईल, संशोधनाला एक भाषा मिळेल. कोड जरूर लिही. मी एवढंच म्हणते की तो शेवटी लिही.

आणि दुसरी गोष्ट, जिथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. टीएसएच, आरए फॅक्टर, सोनोग्राफी हे सगळं बघ, समजून घे, फाईलला लाव. तीही 'कुठे' आणि 'काय' सांगणारी माहितीच आहे. त्या बाईंची थायरॉइडची गोळी तुझ्या शब्दावरून एक दिवससुद्धा बंद होता कामा नये. तुझ्या उपचारांनी फरक पडला तर त्यांचे डॉक्टर रिपोर्ट बघून मात्रा ठरवतील. आमवाताच्या रुग्णाचे सांधे झिजत असतील तर त्याला संधिवाताच्या तज्ज्ञाकडे पाठव आणि त्या औषधांच्या जोडीने आपलं काम कर. संप्राप्ती समजली म्हणून सगळं आपल्याच हातात आलं, असा माज करू नकोस. साध्यासाध्यता, म्हणजे रोग बरा होण्यासारखा आहे की नाही, हासुद्धा निदानाचाच भाग आहे.

लोक मला हट्टी म्हणतात. माझ्या ओपीडीत रुग्ण कमी, कारण मी वेळ फार लावते. औषधं थोडी, कारण मी आधी जेवण बदलते. शेजारच्या गल्लीत पंचकर्माची पॅकेजं विकली जातात, नावानिशी, दरपत्रकासकट. गुडघेदुखीला अमुक बस्ती (औषधी एनिमा), वजनाला तमुक. सामावस्था (शरीरात आम असणं) आहे की नाही हे न बघता बस्ती ठरवलेला पाहिला की मी अस्वस्थ होते आणि बोलून दाखवते, त्यामुळे मित्रही थोडे राहिले. पण मला ही पद्धत बदलायची नाही. एखादी बाई महिन्याने येऊन 'आता सकाळी आपोआप जाग येते' म्हणते, तेव्हा तिला नक्की कशाने बरं वाटलं हे मला सांगता येतं. ते मी भरलेल्या ओपीडीसाठीसुद्धा सोडणार नाही, आणि तूही सोडू नयेस असं मला फार वाटतं. पगार थोडा, भाडं मोठं, बरोबरीची मुलं पुढे गेलेली, हे सगळं मला कळतं. सुरुवातीची काही वर्षं जड जातील. पण एकदा घाईची सवय हाताला लागली की ती सुटत नाही, म्हणून आत्ताच सांगते.

एक वही कर. प्रत्येक पानावर तीन रकाने: काय, कुठे, कशाने. त्याच्या खाली अग्नी: सम, विषम, तीक्ष्ण की मंद, आणि तो तसाच का वाटला ते एका ओळीत, रुग्णाच्या शब्दांत. मग जीभ, मल, झोप. सर्वांत खाली छोटी जागा नावासाठी सोड. पंधरा दिवसांनी तेच पान पुन्हा उघड आणि काय बदललं ते वेगळ्या शाईने लिही. उपशय झाला की अनुपशय, यावरून तुझी संप्राप्ती बरोबर होती का ते तुलाच कळेल. मला विचारावं लागणार नाही.

गुरुवारी दुपारी चारनंतर मी मोकळी असते, तेव्हा फोन कर. पण 'कशाने'चा रकाना भरल्याशिवाय करू नकोस.

तुझी,
मॅडम