आम्ही ख्रिस्ती नाही, तरी वसईच्या चर्चमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आमच्या कोळी शेजाऱ्यांना मदत करेल का?

करेल, धर्माची अट नसते. शेजाऱ्यांना जवळच्या चर्चच्या ऑफिसात किंवा फादरांच्या कानावर घालायला सांगा. चर्चमधल्या या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, माणसं सगळी बिनपगारी. बहुधा दोघं जण घरी येतात, परिस्थिती बघतात, मग बैठकीत ठरतं: किराणा, औषधं, पोरांची फी. कोणी घरी येणार म्हणून संकोच नको. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरुवात केली तेव्हापासून हीच रीत आहे, आणि घरातली गोष्ट ते बाहेर नेत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत चूल पेटायला एवढा आधार पुरेल. होडीचं कर्ज मात्र यातून फिटायचं नाही. पैसा वर्गणी-देणग्यांचा असतो. होडीच्या कर्जासाठी मच्छीमार सोसायटीच गाठा.