टाकीवरचं स्तोत्र

"ताई, पोरगा रात्री कसारा घाटात गाडी पळवतो. हे देवाची परीक्षा पाहणंच झालं ना? मग देव तरी त्याला किती वेळा वाचवेल?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी वर्षातून पाच-सहा आया तरी येतात. घाटाच्या जागी कधी धबधबा असतो, कधी गडाचा कडा, कधी लोकलचं दार. या वेळची आई नर्स होती. वडील एसटीत ड्रायव्हर, मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. भाचीच्या मोबाइलवर तिने मुलाची स्टोरी पाहिली होती: रात्र, धुकं, ट्रकच्या अगदी शेजारून मारलेला कट आणि मागे बसून शूटिंग करणाऱ्या मित्राचं हसणं. (घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा आला तो गाडीवरूनच. खिडकीतून पाहिलं, तर काळ्या टाकीवर पांढरं स्टिकर: बायबलमधलं स्तोत्र ९१:११. देव आपल्या दूतांना तुझं रक्षण करायला सांगेल, ते वचन. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि मी पहिल्याच सत्रात माती खाल्ली. कागदावर मेंदू काढला आणि सांगत बसले, की 'थांब' म्हणणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, मजेकडे ओढणारा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी जोरात असतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे पंचवीसपर्यंत माझी चूकच नाही, आँटी." कागद मी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

त्यातली एक गोष्ट मात्र कामाला आली. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ होता. काही जण तो एकटे खेळले, काहींच्या बाजूला मित्र उभे होते. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका घेत होती. मोठ्या माणसांना मात्र त्याने फारसा फरक पडला नाही. हे सांगून मी विचारलं, "फोन घरी ठेवून, एकटा घाटात कधी गेलायस?"

"दोनदा."

"मग?"

"मग काही नाही. थांबून चहा प्यायलो आणि परत आलो." हे बोलून तोच जरा चमकला.

जिवाशी खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न आडवळण न घेता विचारते: मरावंसं वाटतं का? विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, अशी पालकांना भीती असते. तसं होत नाही. बऱ्याच मुलांना उलट सुटल्यासारखं वाटतं. हा म्हणाला, "मरायचं असतं तर ब्रेक कशाला मारला असता? वळण आलं की डोक्यातला सगळा आवाज बंद होतो. तेवढ्यासाठी जातो." त्याचं उत्तर 'हो' असतं, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. त्याच दिवशी घरच्यांना सांगणं, गाडीची किल्ली वडिलांकडे, मानसोपचारतज्ज्ञांची लगेचची वेळ आणि रात्रीबेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. प्रार्थना करूच, पण हे सगळं करून.

कसला आवाज, हे कळायला अजून दोन भेटी लागल्या. दोन विषय राहिले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. आईची रात्रपाळी आणि वडिलांची मुक्कामी गाडी एकाच दिवशी आली, की घरात तो एकटा. घाटातल्या सगळ्या स्टोऱ्या त्याच रात्रींच्या होत्या. आईने कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही.

चौथ्या भेटीत मी स्टिकरचा विषय काढला. ते कुणी लावलं?

"मम्मीने. गाडी घेतली तेव्हा पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग मम्मीने हे लावलं."

"हेच वचन नव्या करारात कोण म्हणतं, आठवतं?"

संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं घेतलेला मुलगा, पण हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मत्तयाचा चौथा अध्याय उघडला. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो, म्हणतो खाली उडी टाक, आणि पुरावा म्हणून हेच स्तोत्र म्हणून दाखवतो. त्याच्या टाकीवरचंच. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं, सैतानाने यातलं काय गाळलंय ते शोध. त्याला मिनिटभर लागलं. स्तोत्रात 'तुझ्या सर्व मार्गांत' असं आहे. सैतानाच्या तोंडी ते शब्द नाहीत.

येशू त्याला जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या वचनाने उत्तर देतो: आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. त्या वचनात मस्सा या जागेची आठवण आहे. तिथे पाणी नव्हतं म्हणून लोक विचारू लागले, देव आमच्यात आहे की नाही? माझ्या समजुतीप्रमाणे देवाची परीक्षा पाहणं ते हे. धोका पत्करणं वेगळं आणि देवाने आपली बाजू घेऊन दाखवावी म्हणून धोका उभा करणं वेगळं. शिखरावरून खाली जायला मार्ग नव्हताच, होती ती नुसती उडी.

त्याला हे पटलं की नाही, कोण जाणे. त्याने उलट मलाच धरलं. "तुम्ही लोक रविवारी पंडिता रमाबाईंचं सांगता. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुलींना घेऊन आल्या. तेव्हा टाळ्या. आणि आम्हाला काय, तर हेल्मेट घाल."

मुद्दा खरा होता. आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये तरुणांना द्यायला बहुधा खुर्च्या उचलण्याचं काम असतं आणि वर 'जपून जा' असतं. काही मुलांची घडणच अशी असते, की नवं, जोराचं, थोडं भीतीचं काही मिळालं नाही तर ती कोमेजतात. अशा ओढीला मी पाप म्हणत नाही, आणि पालकांनीही म्हणू नये असं मला वाटतं. म्हणून मी त्याला बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातल्या चौदाव्या अध्यायातला योनाथान, शौल राजाचा मुलगा, वाचायला दिला. दोन्ही बाजूंना खडकाचे सुळके, वर शत्रूचं, पलिष्ट्यांचं ठाणं, आणि हा हातापायांनी कडा चढून वर जातो. सोबत एकच शस्त्रवाहक.

पुढच्या भेटीला तो हसतच आला. "आँटी, पहिलंच वचन वाचलंत का? त्याने बापाला सांगितलं नव्हतं!"

खरंच तसं लिहिलंय. मीही हसले. मग आम्ही शस्त्रवाहकाकडे वळलो. योनाथान आधी त्याला बेत सांगतो आणि तो म्हणतो, तुमच्या मनात आहे ते करा, मी तुमच्याबरोबर आहे. घाटात मागे बसून एका हाताने फोन धरणाऱ्या मित्राला असं कुणी विचारलं होतं?

"तो स्वतःहून बसतो."

"आणि 'नको' म्हणाला तर ग्रुपमध्ये त्याचं काय होईल?"

यावर उत्तर आलं नाही. मी त्याला दावीद राजाची एक गोष्ट सांगितली. बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी मिळालं तर, असं तो सहज बोलून जातो आणि त्याचे तीन वीर शत्रूची छावणी फोडून ते पाणी घेऊन येतात. दाविदाला ते पिववत नाही. हे त्या माणसांचं रक्त आहे, असं म्हणून तो ते देवापुढे ओततो. मुलाने खिशातून फोन काढला, ती स्टोरी उघडली, मित्राच्या हसण्याचा आवाज पुन्हा एकदा ऐकला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

वडील पहिल्यांदा आले ते थेट सातव्या भेटीला, ड्यूटीवरून, खाकीतच. छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला. मला वाटलं, आता व्याख्यान होणार. मुलालाही तसंच वाटलं असणार, तो आधीच भिंतीकडे बघत होता. वडिलांनी टोपी मांडीवर ठेवली आणि बोलू लागले.

"मी सत्तावीसचा असेन. याच घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडली. डिझेल वाचतं म्हणायचो, पण ते खोटं. पुढच्या डेपोच्या गाडीला गाठायचं होतं. कंडक्टर हसत होता. तीन वळणं झाली आणि ब्रेक तापून लागेनातच. गाडीत चव्वेचाळीस माणसं. कसाबसा खालचा गिअर पडला आणि डाव्या अंगाला घासत गाडी थांबली. एक बाई उतरून रस्त्यातच बसली, कडेवर पोर. मी कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही." मग बिल्ल्याला हात लावून म्हणाले, "हा विनाअपघाताचा आहे. विनाचुकीचा नाही."

मुलगा भिंतीकडून वळला होता. "पप्पा, मग तेव्हा भीती वाटली?"

"त्या वेळी नाही. आवाजच बंद झाला होता सगळा. रात्री वाटली."

डोक्यातल्या आवाजाचं मी वडिलांना काही सांगितलं नव्हतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. त्यानंतर बापलेक गाडीवरच बोलत राहिले. घाट उतरायचा तो ब्रेकवर नाही, गिअरवर, वळणाच्या आत नाही तर वळणाच्या आधी वेग तोडायचा. तेवढ्यात मुलाने राहिलेल्या दोन विषयांचंही सांगून टाकलं. वडील म्हणाले, "दोनच ना?" मला त्या अर्ध्या तासात काही काम उरलं नव्हतं. चहा मागवला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. तो प्रस्तरारोहण शिकायला जाऊ लागला. तिथे दोराचं दुसरं टोक धरणाऱ्याने 'ओके' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे त्याला फार आवडलं. पण दिवाळीत एकदा पुन्हा रात्री घाटात गेला आणि स्वतःच येऊन सांगितलं. दोन विषयांतला एक सुटला आहे. स्टिकर अजून टाकीवर आहे. आईने काढू का विचारलं, तर नको म्हणाला. फक्त पेनाने खाली लिहिलंय, 'सर्व मार्गांत'.

देव किती वेळा वाचवेल, या आईच्या प्रश्नाला मी हमी दिली नाही. विश्वासू घरांतली, याच स्तोत्रावर वाढलेली मुलं रस्त्यावर गेलेली मी पाहिली आहेत, त्यांच्या आईबापांशेजारी कबरस्तानात उभी राहिले आहे. त्यांची प्रार्थना कमी पडली, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तिला एवढंच सांगितलं, की रात्रपाळी आणि मुक्कामी गाडी एका दिवशी येऊ देऊ नका, जमेल तितकं. तिने वॉर्डातल्या मैत्रिणीशी पाळ्या बदलून घेतल्या.

मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला. सुटीच्या दिवशी, उजेडात, मुलाच्या मागे बसून ते कसाऱ्यापर्यंत घाट उतरले होते. "पहिल्या दोन वळणांना मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, गिअर कमी कर म्हणून. तिसऱ्याला हात उचलला, तर त्याने आधीच कमी केला होता." मग थोडं थांबून म्हणाले, "येताना चढावर मात्र जरा जोरात आणली. मी काही बोललो नाही."